पार्लरमधील महागडी बरणी : एका व्यापाराचा इतिहास

इतिहासाच्या व्याख्यानाला लढाया, तह आणि राजघराणी हेच विषय शोभतात, अशी आपल्याकडे समजूत आहे. त्या समजुतीला थोडा धक्का देऊन मी आज ब्यूटी पार्लरच्या कपाटातील एका बरणीविषयी बोलणार आहे. हदगावसारख्या तालुक्याच्या गावी आज पार्लरची पाटी नवलाची राहिलेली नाही. आत गेले की आरसा, खुर्ची, टॉवेल आणि भिंतीशी एक काचेचे कपाट. त्या कपाटात क्रीम, सीरम, फेशियलचे संच मांडलेले असतात आणि त्यांतील एखाद्या बरणीची किंमत शेतातल्या कित्येक दिवसांच्या रोजगाराएवढी असते. ही बरणी तेथे कोणत्या वाटेने आली, ती विकणारी बाई नेमके काय विकते, आणि घेणारी कशाच्या भरवशावर घेते, एवढेच तीन प्रश्न आपण इतिहासाला विचारू.

प्रथम जुनी व्यवस्था पाहू. आपल्याकडे अंगाला लावण्याच्या वस्तू होत्या, पण त्यांतील पुष्कळशा विकत आणण्याच्या नव्हत्या. उटणे घरी कुटले जाई, हळद घरची, डाळीचे पीठ घरचे, शिकेकाई रानातली, काजळ दिव्यावर धरलेले. दिवाळीचे अभ्यंग आणि लग्नाची हळद हे दोन प्रसंग असे, की त्यांत गरीब घरातील अंगालाही सुगंध लागे. ज्या वस्तू विकत घ्याव्या लागत, त्यांचे विक्रेते ठरलेले असत. अत्तर विकणारा अत्तरवाला, बांगड्या भरणारा कासार, गोंदणारी बाई.

यांतील कासाराकडे मी आपले लक्ष विशेष वेधतो. परक्या पुरुषासमोर पदर सावरून बसणारी बाई कासारापुढे मात्र हात पुढे करी. तो हात दाबून, बोटे मिटवून, न दुखवता बांगडी चढवी. माल विकताना गिऱ्हाइकाचा हातच विक्रेत्याच्या हातात असे. अशा विक्रीत भावाची घासाघीस होई. पण तिच्या मुळाशी एक निराळीच गोष्ट होती. हा मनुष्य आपल्याला दुखवणार नाही, हा तो विश्वास. पार्लरमधील विक्रीचा पूर्वज शोधायचा तर तो दुकानाच्या फळीवर सापडणार नाही. तो कासाराच्या गोणीपाशी सापडेल.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नटण्याचा अधिकार सर्वांना नव्हता. सौभाग्यवतीला हळदीकुंकू, आणि विधवेला, विशेषतः उच्चवर्णीय घरात, केशवपन. न्हावी हा बलुतेदार; त्याच्या वस्तऱ्याने हे काम करून घेतले जाई. इ. स. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने मुंबईच्या न्हाव्यांनी एकत्र येऊन विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. ज्याच्या हातात हत्यार, त्यानेच ते खाली ठेवले, ही आपल्या सामाजिक इतिहासातील फार मोठी घटना आहे. हातातल्या कसबाबरोबर नकार देण्याची जबाबदारीही येते, हा त्या संपाचा अर्थ. पुढे पार्लरचा विचार करताना आपल्याला तो उपयोगी पडेल.

आता बाजारी वस्तूंकडे वळू. युरोपात कोल्ड क्रीम जुने होते. ते तेल आणि मेण यांचे, लावले की चेहरा तेलकट दिसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निराळ्या जातीचे क्रीम निघाले. इ. स. १८९२ मधील ‘हेझलीन स्नो’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. स्टिअरिक आम्ल हा चरबीतून मिळणारा घट्ट पदार्थ. त्यात थोडा क्षार घातला की त्याच्या काही भागाचा साबण होतो, आणि त्या साबणाच्या आधाराने उरलेले आम्ल पाण्यात मिसळून राहते. चेहऱ्यावर चोळले की पाणी उडून जाते, आणि जो अतिशय पातळ थर राहतो तो डोळ्यांना दिसत नाही. बर्फासारखे पांढरे दिसणारे हे क्रीम लावताच नाहीसे होते, म्हणून त्याला ‘स्नो’ हे नाव शोभले.

मुंबईत इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांनी १९१९ मध्ये ‘अफगाण स्नो’ बाजारात आणला. परदेशी बरणीला देशी बरणीने दिलेले ते पहिल्या काही उत्तरांपैकी एक. आपल्या आजीपणजीच्या पेटीत जी एखादी जपून ठेवलेली बरणी असे, ती बहुधा याच कुळातली.

पण हदगाव तेव्हा मुंबईच्या बाजारात नव्हते. हा मुलूख निजामाच्या राज्यात. चलन निराळे, हाली शिक्क्याचे. राज्याच्या हद्दीवर करोडगिरीचे नाके, आणि बाहेरून येणाऱ्या मालावर किमतीच्या शेकडा ५ इतकी जकात. मुंबईची बरणी येथे यायची तर तिला एक प्रकारे परमुलखातच यावे लागे. शौकिनांचे तोंड हैदराबादकडे असे. तिकडचे अत्तर, सुरमा आणि मिस्सी यांचा लौकिक मोठा. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हे राज्य संपले. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून तो महाराष्ट्रात आहे. राजकीय हद्दी पुसल्या जातात तेव्हा त्यांच्यामागून साबण, तेल आणि स्नो यांच्या पेट्याही येतात. इतिहासकार त्यांची नोंद घेत नाहीत, इतकेच.

आता परदेशातील एक प्रकरण सांगतो, कारण क्रीम आणि पार्लर यांची गाठ तेथे घट्ट बांधली गेली. हेलेना रुबिनस्टाइन ही पोलंडमधली ज्यू घरातील मुलगी ऑस्ट्रेलियात गेली आणि विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी तिने मेलबर्न शहरात ‘व्हालाझ’ नावाचे क्रीम विकण्यास आरंभ केला. कार्पेथियन पर्वतातील दुर्मीळ वनस्पतींपासून ते केले आहे, असे जाहिरातीत म्हटलेले असे. प्रत्यक्षात त्याचा आधार होता लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतून निघणारी मेणचट चरबी. आणि ऑस्ट्रेलियात मेंढ्यांना काय तोटा! लॅनोलिन त्वचेला खरोखरच मऊ ठेवते, तेव्हा क्रीम अगदीच खोटे नव्हते. खोटा होता तो पर्वत. परंतु या बाईची खरी कल्पकता पुढेच आहे. तिने नुसती बरणी विकली नाही. तिने सलून उघडले, बाईला खुर्चीवर बसवले, तिचा चेहरा पाहिला, तिची त्वचा कोणत्या प्रकारची आहे ते सांगितले आणि मग बरणी हातात दिली. दुकानदार माल दाखवतो. येथे गिऱ्हाइकालाच आरशात दाखवले गेले. पुढे न्यूयॉर्कमध्ये एलिझाबेथ आर्डेन हिने १९१० मध्ये सलून उघडून तोच मार्ग धरला, आणि या दोघींची स्पर्धा जन्मभर चालली. आज कोणत्याही पार्लरमध्ये ‘तुमची स्किन ड्राय आहे’ या वाक्याने जी विक्री सुरू होते, तिचा उगम हा असा आहे.

आपल्या देशात स्वातंत्र्यानंतर १९५२ हे साल या बाबतीत ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी टाटांनी ‘लॅक्मे’ सुरू केली. नाव फ्रेंच संगीतिकेतले, पण त्या नावाच्या मुळाशी आपली लक्ष्मीच आहे. परदेशी प्रसाधनांवर देशाचे परकीय चलन खर्च होऊ नये, असा त्यामागे हेतू होता असे सांगितले जाते. सिमोन टाटा १९६१ मध्ये संचालक मंडळावर आल्या आणि १९८२ मध्ये अध्यक्ष झाल्या. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात हा व्यवसाय हिंदुस्थान लीव्हरकडे गेला. आज त्या नावाची सलून शहरोशहरी दिसतात.

त्याच १९५२ साली मुंबईत परळला केशव विष्णु पेंढरकर या मराठी गृहस्थांनी ‘विको’ सुरू केली. नागपूरकडे किराणा दुकान चालवून मुंबईस आलेला हा माणूस. भांडवल बेताचे; घरच कारखाना, आणि मुले दारोदार जाऊन दंतमंजन विकणारी. १९७०च्या दशकात त्यांचे हळदीचे क्रीम आले, आणि त्यावरून एक मोठा कज्जा उभा राहिला. हे क्रीम औषध की प्रसाधन? प्रसाधन ठरले तर अबकारी कर जादा. आयुर्वेदीय औषध ठरले तर कमी. हा वाद पाव शतकाहून अधिक काळ या ना त्या रूपाने चालला, आणि अखेर २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कंपनीच्या बाजूने निकाल लागला.

श्रोतेहो, हा नुसता कराचा खटला नव्हे. आपल्या आजीला हा प्रश्न विचारला असता तर तिला तो कळलाच नसता. हळद जखमेवर लावायची, नवरीला लावायची, दुधात घालायची आणि देवीलाही वाहायची. औषध आणि शृंगार यांच्यामध्ये आजीने भिंत घातलेली नव्हती. ती भिंत कायद्याने घातली, आणि तीही सकारण घातली. औषधांचा कायदा १९४० चा; १९६२ च्या दुरुस्तीने त्यात प्रसाधने आली, आणि २०२० मध्ये प्रसाधनांसाठी स्वतंत्र नियम झाले. औषध बरे करण्याचा दावा करते, तेव्हा त्याने पुरावा द्यावा. प्रसाधन शोभा वाढवते, तेव्हा त्याने रोग बरा करण्याची भाषा करू नये. पार्लरमधील महागडी बरणी नेमकी या दोहोंच्या सीमेवर उभी असते, आणि तिची पुष्कळशी किंमत त्या सीमेवर उभे राहण्याचीच असते.

आता रंगाविषयी. १९७५ मध्ये हिंदुस्थान लीव्हरने ‘फेअर अँड लव्हली’ आणले, आणि गोरेपणाला बाजारात एक नळी मिळाली. गोऱ्या रंगाची हाव त्या नळीने निर्माण केली असे मी म्हणणार नाही. लग्नाच्या बोलणीत ‘मुलगी रंगाने कशी आहे’ हा प्रश्न त्याच्या फार आधीपासून विचारला जात होता. आपली गंमत अशी, की आपण ज्याच्या दर्शनाला पायी पंढरपूरला जातो तो विठ्ठल सावळा. ज्याला नामदेवांनी जन्मभर आळवले तो सावळा. आणि नामदेवांचे नरसी गाव हदगावच्या शेजारच्याच हिंगोली जिल्ह्यात. देव सावळा चालतो, सून मात्र गोरी हवी! २०२० मध्ये त्या क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द काढून ‘ग्लो’ घालण्यात आला. शब्द बदलला. बोलणीतील प्रश्न बदलला की नाही, हे ज्याच्या त्याच्या घराने पाहावे.

या पार्श्वभूमीवर तालुक्याच्या गावातील पार्लर उभे आहे. ते चालवणारी बाई बहुधा मोठ्या भांडवलाची नसते. कोणी आयटीआयमध्ये शिकलेली, कोणी नांदेडला कोणाच्या हाताखाली काम करून आलेली. घरातली पुढची खोली, एक खुर्ची, एक आरसा. ज्या समाजात एके काळी बाईच्या केसांचा निर्णय दुसरे करीत, त्या समाजात बाईच्या मालकीची, बायकांनीच भरलेली, दाराला पडदा लावलेली एक खोली उभी राहणे ही सामान्य गोष्ट नव्हे. तेथे विधवा येऊ शकते, परित्यक्ता येऊ शकते, आणि कोणी तिला ‘तुला काय करायचे नटून’ असे विचारत नाही. निदान विचारू नये.

पण या खोलीचा हिशेब अवघड असतो. भुवया कोरण्याचे पैसे थोडे, वेळ पुष्कळ. गिऱ्हाईक लग्नसराईत गर्दी करते आणि आषाढात दिसत नाही. भाडे आणि वीज मात्र बाराही महिने. अशा वेळी कंपनीचा प्रतिनिधी येतो. तो प्रशिक्षण देतो, प्रमाणपत्र देतो, कपाट देतो, आणि प्रत्येक बरणीमागे वाटा देतो. दोन तासांच्या मेहनतीत जे मिळत नाही ते एका बरणीत मिळते. तेव्हा पार्लरवाली बरणी विकते यात दोष काहीच नाही. किराणा दुकानदार तरी काय करतो? फरक एवढाच, की किराणा दुकानदाराच्या फळीसमोर आपण उभे असतो, आणि येथे आपण डोळे मिटून पडलेले असतो. विक्रेतीचा हात आपल्या चेहऱ्यावर असतो. तिच्या शब्दाला वैद्याच्या शब्दाचे वजन येते. ही कासाराचीच परंपरा, आणि म्हणून जबाबदारीही कासाराचीच: दुखवायचे नाही.

ही जबाबदारी मोडली म्हणजे काय होते, याचे उदाहरण फार दूरचे नाही. २०२३ च्या आरंभी वृत्तपत्रांतून अकोल्याची हकीकत आली. एकाच घरातील तिघी, आई आणि दोन मुली, मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी पडल्या. तिघी गोरेपणाचे एकच क्रीम वापरीत होत्या आणि ते स्थानिक ब्यूटीशियनकडून घेतलेले होते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी शोध घेतला, तेव्हा त्या क्रीममध्ये पारा निघाला. त्याच सुमारास केरळात कोट्टक्कल येथील डॉक्टरांनीही असेच रुग्ण नोंदवले. मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराच्या १५ रुग्णांपैकी १३ जणांनी गोरेपणाची क्रीमे वापरली होती.

पारा हे काम कसे करतो ते समजून घेतले पाहिजे. त्वचेचा रंग मेलॅनिन नावाच्या द्रव्यामुळे असतो, आणि ते द्रव्य तयार होण्यास एक विकर लागते. पारा त्या विकराचे काम बंद पाडतो. त्यामुळे रंग खरोखरच उजळतो, आणि लवकर उजळतो. खोटे औषध गुण देत नाही म्हणून पकडले जाते. पारा गुण देतो म्हणून पकडला जात नाही. तो त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. आपल्या २०२० च्या नियमांनी डोळ्यांभोवतीची प्रसाधने सोडून इतरांत नकळत आलेला पाराही दहा लाखांत एका भागापेक्षा अधिक चालत नाही, आणि मुद्दाम तर तो घालताच येत नाही. दुसरे संकट स्टेरॉइडच्या मलमांचे. तीही लवकर उजळपणा देतात, आणि पुढे त्वचा पातळ व लाल करून सोडतात. २०१८ मध्ये सरकारने अशी १४ स्टेरॉइडे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली. तेव्हा आठ दिवसांत गोरे करणारी बरणी कोणी दिली, तर तिच्या गुणाचेच भय धरावे.

आता शेवटची गोष्ट, आणि ती आपल्या मातीची आहे. नांदेड आणि हिंगोली हे जिल्हे हळदीचे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. ही हळद शेतातून निघते, शिजते, वाळते, पॉलिश होते आणि बाजारात किलोच्या नव्हे, क्विंटलच्या भावाने जाते. तीच हळद, किंवा तिच्यातील शेकडा तीनचार इतकेच असणारे पिवळे द्रव्य कर्क्युमिन, काचेच्या बरणीत घालून आपल्याच गावच्या पार्लरमध्ये ग्रॅमच्या भावाने परत येते. मधल्या वाटेवर कारखाना आहे, परीक्षण आहे, वाहतूक आहे. हे सारे फुकट होत नाही. पण मधल्या वाटेवर एक गोष्टही चढवलेली असते, आणि तिची किंमत सर्वांत जास्त लागते. रुबिनस्टाइनच्या पर्वतासारखी.

१९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून काढण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. ३२ संदर्भ पुढे ठेवले. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते, तसाच १९५३ सालचा एक वैद्यकीय लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. ही लढाई आपण भावनेवर जिंकली नाही. आमची आजी असे करीत असे, हे सांगून भागले नाही; ते कोठे लिहिले आहे, ते दाखवावे लागले.

मला वाटते, पार्लरच्या कपाटासमोरही आपण हीच रीत धरावी. बरणी हातात घ्यावी आणि ती उलटी करून मागची बारीक अक्षरे वाचावी. शेकडा एकाहून अधिक असलेले घटक उतरत्या प्रमाणात लिहिले पाहिजेत, असा नियम आहे. बरणीच्या पुढच्या बाजूस मोठी हळद रंगवलेली असेल आणि मागच्या यादीत ती अगदी शेवटी असेल, तर आपण किती हळद घेत आहोत ते कळते. उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक, तारीख आणि किंमत नसलेली बरणी, ती कितीही ओळखीच्या हाताने दिलेली असो, घेऊ नये. आणि पार्लर चालवणाऱ्या भगिनींना माझे सांगणे एवढेच, की जे स्वतःच्या मुलीच्या गालाला लावणार नाही ते गिऱ्हाइकाच्या गालाला लावू नका. एखाद्या बाईची त्वचा डॉक्टरला दाखवण्याजोगी असेल तर तिला तसे स्पष्ट सांगा. त्या दिवशी एक बरणी कमी खपेल; पण ती बाई पुढे वर्षानुवर्षे तुमच्याकडे येईल.

१८९० मध्ये मुंबईच्या न्हाव्यांना वस्तरा खाली ठेवण्यासाठी संप करावा लागला. आज एखादी संशयास्पद बरणी कपाटातून काढून टाकण्यासाठी संप करण्याची गरज नाही. ते काम एकटीला, दुपारी गिऱ्हाईक नसताना, करता येण्याजोगे आहे.